तिसऱ्या रात्री फोन कोण उचलणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील सुमारे 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. एका पिढीपूर्वी हे कोणाला खरे वाटले नसते. मात्र त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे आणि तो या यशाशी जुळत नाही. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण राज्यात जेमतेम 53 टक्के आणि देशात 42 टक्क्यांच्या आसपास आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधे सारे हाताशी असताना राज्यातल्या जवळपास निम्म्या बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळत नाही. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण राज्यात 71 टक्के आणि देशात 64 टक्के दिसते, हे त्या मानाने बरे. पण हा आकडा सहा महिन्यांखालच्या सगळ्या बाळांना पाहणीच्या आदल्या दिवशी काय पाजले, यावरून काढलेला असतो. त्यात आठ दिवसांचे बाळही येते आणि साडेपाच महिन्यांचेही. पूर्ण सहा महिने वरचे काहीही न देता निभावणाऱ्या माता याहून बऱ्याच कमी असणार, हे उघड आहे.

यावरून आजकालच्या आयांना पाजायचेच नसते असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तो निष्कर्ष मला सपशेल चुकीचा आणि अन्यायकारक वाटतो. आपल्याकडे बाळाला अंगावर पाजायची इच्छा नसलेली आई विरळाच. अडते ते पुढे, आणि कधी अडते हे नीट पाहिले तर उपाय कुठे करायचा तेही कळते. साध्या बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत, सिझेरियन असेल तर चार-पाच दिवसांत बाईला घरी पाठवतात. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तोही थोडाथोडा, आणि तेवढाच त्या चिमुकल्या पोटाला पुरतो. भरपूर दूध उतरते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी; सिझेरियननंतर कधीकधी आणखी उशिरा. म्हणजे छाती दगडासारखी टणक होऊन बाळाला तोंडात धरता न येणे, स्तनाग्राला भेगा पडणे, बाळ रात्रभर दर तासाला रडणे आणि 'हिला दूधच नाही' हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारले जाणे, हे सारे दवाखान्यातून घरी आल्यावर, बहुधा रात्री घडते. त्या वेळी बाळंतिणीजवळ जे कोणी असते ते प्रेमापोटीच बोलत असते. कोणी मध चाटवायला सांगते, कोणी गाईचे दूध पाणी घालून द्यायला सांगते, कोणी रात्रीच औषधाच्या दुकानातून डबा आणते. वरच्या दुधाने बाळ शांत झोपते, त्यामुळे ते छातीला कमी ओढते, आणि जेवढे कमी ओढले जाईल तेवढे दूध कमी तयार होते. आठवडाभरात घरच्यांचे भाकीत खरे ठरते.

त्या दोन-तीन रात्री जाणत्या माणसाचा आवाज बाळंतिणीपर्यंत पोहोचवणे हे काम फोन करू शकतो, आणि स्तनपानाला दूरस्थ मदत द्यायची तर तिचे मोजमाप याच कसोटीवर व्हावे, असे माझे म्हणणे आहे. ॲप किती जणींनी उतरवून घेतले, संदेश किती गेले, चित्रफितीला किती लोकांनी पसंती दिली, हे हिशेब दुय्यम आहेत. रात्री दोन वाजता फोन लावला तर मराठी बोलणारी, प्रशिक्षित, कोणत्याही कंपनीशी बांधिलकी नसलेली व्यक्ती तो उचलते का, आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी कोणी दारात येते का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे या क्षेत्रात काहीच झालेले नाही असे नाही. उलट महाराष्ट्राची कामगिरी अभिमान वाटावी अशी आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. स्तनपानाच्या प्रचारासाठी देशभर काम करणाऱ्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना 1991 मध्ये वर्ध्यात झाली. मुंबईच्या 'आरमान' या संस्थेने 'एममित्र' ही ध्वनिसंदेश सेवा उभी केली, ज्यात गरोदर बाईच्या साध्या फोनवर तिच्या महिन्यानुसार आणि पुढे बाळाच्या वयानुसार माहिती ऐकवली जाते. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा 2016 पासून याच धर्तीवर चालते. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 संदेश. आयआयटी मुंबईच्या आरोग्यविषयक स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली बाळाला छातीला कसे लावावे याच्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार झाल्या. त्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी जरूर पाहाव्यात, कारण 'दर दोन तासांनी पाजा' एवढ्यावर न थांबता बाळाची हनुवटी कुठे टेकली पाहिजे इथपर्यंत त्या जातात.

तरीही संदेश आणि मदत या दोन गोष्टींची गल्लत करून चालणार नाही. 'किलकारी'ची मध्य प्रदेशात काटेकोर यादृच्छिक चाचणी (म्हणजे संदेश कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना) झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. संदेश ऐकणाऱ्या कुटुंबांत कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांचा वापर वाढलेला दिसला, पण निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. कुटुंबनियोजनाबाबत माहिती मिळाली की निर्णय घेता येतो. स्तनपानात माहिती असूनही हात अडतो, आणि अडलेला हात पाहून किंवा निदान ऐकून कोणीतरी दुरुस्त करावा लागतो. शिवाय ध्वनिसंदेश एकतर्फी असतो. 'सहा महिने फक्त आईचे दूध द्या' हे ऐकणाऱ्या बाईला 'पण ताई, रक्त येतंय' असे म्हणायची त्यात सोय नसते.

याच्या नेमके उलट चित्र दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा मदतीच्या अभ्यासांत दिसते. फोन, व्हिडिओ कॉल आणि तत्सम मार्गांनी दिलेल्या मदतीच्या जगभरातील प्रयोगांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये आला. त्यानुसार अशी मदत मिळालेल्या मातांमध्ये तिसऱ्या महिन्यापर्यंत निव्वळ स्तनपान थांबण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. अधूनमधून वरचे दूध देऊनही स्तनपान चालू ठेवण्याच्या बाबतीत मात्र असा स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या त्याच वर्षीच्या आढाव्यात आणखी एक मुद्दा पुढे आला: मदत प्रत्यक्ष भेटीतून मिळते की फोनवरून, डॉक्टरकडून मिळते की प्रशिक्षित बिगरडॉक्टर बाईकडून, याने फारसा फरक पडत नाही, चार ते आठ वेळा संपर्क झाला तर परिणाम अधिक दिसतो. म्हणजे एकदा नंबर देऊन मोकळे होणे पुरेसे नाही. पुन्हा पुन्हा विचारपूस हवी.

अशी विचारपूस प्रत्यक्षात कशी होते, हे थोडे जवळून पाहू. चांगली समुपदेशक 'दूध पुरतंय का' या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. ती विचारते, बाळाने काल या वेळेपासून आतापर्यंत किती वेळा लघवी केली. शी अजून काळीच आहे की पिवळी होऊ लागली. पिताना गिळल्याचा आवाज येतो का. दुखते ते पहिले काही क्षण की बाळ पीत असेपर्यंत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल तर बहुधा दूध पोहोचते आहे, आणि हे ऐकल्यावर आईचा अर्धा धीर तिथेच परत येतो. मग ती फोन स्पीकरवर ठेवायला सांगते आणि पाठीला उशी घेऊन टेकून बसवते. बाळाचे पोट आईच्या पोटाला भिडवायचे, नाक स्तनाग्रासमोर आणायचे, वरच्या ओठाला स्तनाग्राचा स्पर्श करून तोंड जांभईइतके मोठे उघडण्याची वाट पाहायची आणि उघडताक्षणी हनुवटी आधी टेकेल असे बाळाला जवळ ओढायचे. आईने बाळावर वाकायचे नाही. नुसते टोक तोंडात गेले असेल तर ओढून सोडवायचे नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात पलीकडून 'आता दुखत नाहीये' असे शब्द येतात. यात छाती कॅमेऱ्यासमोर आणावी लागत नाही. व्हिडिओ कॉल घेतलाच तर समुपदेशक आपल्या बाजूला बाहुली आणि कापडी स्तन घेऊन करून दाखवू शकते.

फोनवर सांगितलेले करताना आईला जवळच्या माणसाचा हात लागतो, म्हणून घरातल्या मोठ्या बायकांना या संवादातून वगळणे मला मान्य नाही. पुष्कळ शहरी लेखनात सासू आणि आजी यांना अडथळा म्हणून रंगवले जाते. मध आणि पाणी देऊ नये हे खरे, गुटी लगेच सुरू करू नये हेही खरे. पण बाळंतिणीला शेकणारी, अळिवाची खीर करून घालणारी, पहाटे बाळाला मांडीवर घेऊन तिला तासभर झोपू देणारी तीच असते. स्पीकरवरच्या आवाजाने तिला मान देऊन 'आजी, तुम्ही बाळाचे डोके सांभाळा, मानेला आधार द्या' असे म्हटले की ती विरोधक राहत नाही. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत बाळंत झालेल्या मुलीला व्हिडिओ कॉलवरून धीर देणारी नाशिकची आई हेच काम आज करते आहे. तिचा धीर अनमोल असतो, तंत्राच्या बाबतीत मात्र तिलाही जाणकाराची जोड लागते. वडिलांनाही यात जागा हवी. फोन बहुतेकदा त्यांच्याच हातात असतो, आणि रात्री बाळाला उचलून देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे ही कामे त्यांना बिनदिक्कत करता येतात.

फोन कोणाच्या हातात असतो, ही बाब किरकोळ नाही. त्याच पाचव्या सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात 54 टक्के होते आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया केवळ 33 टक्के. गेल्या काही वर्षांत हे वाढले असणार, तरी ॲपवर उभी केलेली सेवा सर्वात अडलेल्या बाईला शेवटी पोहोचेल हे यातून दिसते. म्हणून पाया साध्या कॉलचाच हवा. मिस्ड कॉल दिला की परत फोन यावा, म्हणजे रिचार्ज संपल्याने कोणाची मदत अडणार नाही.

भाषेचाही विचार यातच येतो. प्रमाण मराठीतला संदेश मेळघाटातल्या कोरकू बाईला किंवा अक्राणीतल्या पावरी बोलणाऱ्या मुलीला परकाच वाटतो, आणि तिथे नेटवर्कचीही मारामार असते. अशा भागांत फोन हा आशाताईच्या हातातले साधन म्हणून उपयोगी पडेल: ती बाळंतिणीजवळ बसलेली असेल आणि जिथे रेंज मिळते तिथून तज्ज्ञाला विचारून येईल. याउलट ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी फोन अधिक मोलाचा आहे. बीडमधून दिवाळीच्या सुमारास निघालेली कोयता जोडी पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात फडावर असते. गावची आशाताई गावातच राहते आणि जिथे मुक्काम असतो तिथल्या यादीत बाळंतिणीचे नाव नसते. तिच्याबरोबर प्रवास करते अशी आरोग्य व्यवस्थेची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तिच्या नवऱ्याच्या खिशातला मोबाइल नंबर.

आशाताईंचा विषय निघाला म्हणून स्पष्ट लिहितो. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जावे, अशी आपली योजना आहे. तिचे मूळ गडचिरोलीत आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू घटवता येतात हे 1999 मध्ये जगापुढे मांडले आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. दूरस्थ सेवा सुरू झाली म्हणून या भेटी कमी करण्याचा विचार कोणी करू नये. फोनवरून बाळाचे वजन करता येत नाही. पडद्यावर त्वचेचा पिवळेपणा भरवशाने ओळखता येत नाही. जन्माच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट झालेले, मलूल पडलेले, पाजायला उठवूनही न उठणारे बाळ प्रत्यक्षच पाहावे लागते. आईला ताप येऊन छातीवर लाल, दुखरी गाठ दिसत असेल तर तिलाही. आणि बाळंतिणीच्या आवाजातली उदासी फोनवर कळली तरी तिच्या शेजारी बसायला माणूसच लागतो. तेव्हा दूरवरच्या समुपदेशकाचे निम्मे काम हे 'आता फोन पुरे, बाळाला दाखवा' असे वेळेवर सांगण्याचे आहे, आणि ते सांगताना कोणाकडे दाखवायचे याचे नाव तिच्यासमोर असले पाहिजे. मात्र आशाताईच्या माथी आणखी एक ॲप मारून ही सेवा उभी करू नये. ऑनलाइन नोंदींच्या ओझ्याविरुद्ध त्यांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे आणि तो रास्त आहे.

मध्यमवर्गाला मात्र आशाताईही नसते. खासगी प्रसूतिगृहातून बाहेर पडून बाराव्या मजल्यावरच्या सदनिकेत गेलेल्या पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या बाळंतिणीकडे बऱ्याचदा कोणीच येत नाही. खासगी स्तनपान सल्लागार आता मोठ्या शहरांत मिळतात, पण त्यांचे शुल्क सगळ्यांना परवडत नाही, आणि गाठ पडते तोवर बाळ बाटलीला सरावलेले असते. मग ती जिथे उत्तर शोधते, तिथे तिची वाट पाहत कोण बसलेले असते?

दूध पावडरच्या कंपन्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात समाजमाध्यमांवरील अशा 264 खात्यांचा मागोवा घेतला होता. ही खाती मिळून दिवसाला सुमारे 90 वेळा मजकूर टाकत होती आणि तो जवळपास 23 कोटी लोकांपर्यंत जात होता. अहवालाचा अधिक अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे: ॲप, 'बेबी क्लब', सल्ला देणाऱ्या हेल्पलाइन आणि पैसे घेऊन बोलणाऱ्या लोकप्रिय माता यांच्यामार्फत या कंपन्या आईच्या सर्वात हळव्या क्षणी तिच्याशी बोलतात, आणि ही जाहिरात आहे हे तिला कळतही नाही. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे आणि 2003 च्या दुरुस्तीने तो कडक झाला आहे. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या दूध पावडरची आणि आहाराची जाहिरात, मोफत नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू या सगळ्याला त्यात मनाई आहे, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातली जाहिरातही त्यात येते. तरीही रात्री दोन वाजता पडद्यावर काय दिसते याकडे लक्ष ठेवणारी यंत्रणा नसेल तर तो कायदा कागदावर राहतो. म्हणून कंपन्यांच्या पैशावर चालणारी कोणतीही 'मातृत्व हेल्पलाइन' सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लागता कामा नये, आणि गरोदरपणाची नोंद ठेवणाऱ्या ॲपना बाईचा नंबर व तारखा इतरांना विकता येऊ नयेत.

ज्यांना पाजणे शक्य होत नाही, ज्यांच्या बाळाला डॉक्टरांनी काही काळ वरचे दूध सांगितले आहे, किंवा ज्यांनी सारे करून थकून तसा निर्णय घेतला आहे, त्या आयांनाही या फोनवर आदराने उत्तर मिळाले पाहिजे: वाटी-चमच्याने कसे पाजायचे, पाणी किती उकळायचे, पावडरचे माप का वाढवू किंवा घटवू नये. अपराधी वाटायला लावणारी सेवा कोणी दुसऱ्यांदा वापरत नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या काही मातांनी 1964 मध्ये सुरू केलेली संघटना आज दिवसरात्र चालणारी स्तनपान हेल्पलाइन चालवते. फोन उचलणाऱ्या बहुतांश स्वयंसेविका असतात. त्यांनी स्वतः बाळाला पाजलेले असते, रीतसर प्रशिक्षण घेतलेले असते, आणि सेवेला सरकारी निधी मिळतो. महाराष्ट्राला नवा नंबर शोधायचीही गरज नाही. आरोग्य सल्ल्यासाठी 104 आहे. त्यातच स्तनपानासाठी स्वतंत्र कक्ष सुरू करता येईल. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उभारताना जी कळकळ दाखवली गेली, तीच इथेही दाखवता येईल. मात्र केवळ येणारे फोन घेऊन भागणार नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाने आईच्या संमतीने तिचा नंबर घरी सोडतानाच या कक्षाला कळवावा आणि कक्षाने तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या दिवशी आपणहून फोन करावा. संभाषणाची ध्वनिफीत ठेवायची नाही, व्हिडिओ साठवायचा नाही, हे आधीच सांगावे. फोन न उचलणाऱ्या किंवा मध्येच गळालेल्या मातांना शोधण्यासाठी यंत्राची मदत घ्यावी. 'आरमान'ने 'एममित्र'मध्ये संदेश ऐकणे सोडू पाहणाऱ्या मातांचा कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाज घेऊन त्यांना माणसाकडून फोन केले, तेव्हा गळती कमी झाली. यंत्राने नाव सुचवावे आणि बोलावे माणसाने, ही विभागणी मला योग्य वाटते.

सुरुवात एका महापालिकेत आणि एका आदिवासी जिल्ह्यात करावी. वर्षभर चार आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत: रात्री दहानंतर आलेल्या फोनपैकी किती उचलले गेले, तिसऱ्या दिवशी किती जणींना आपणहून फोन झाला, 'बाळाला दाखवा' म्हटल्यावर किती बाळांचे दुसऱ्या दिवशी वजन झाले, आणि तीन महिन्यांनी किती बाळे निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. आणि रात्रपाळीला बसणाऱ्या समुपदेशकांना तुटपुंज्या मानधनावर न ठेवता नियमित पगार द्यावा, कारण पहिल्या सहा महिन्यांत त्या सोडून गेल्या तर बाकीचे सगळे नियोजन तिथेच कोलमडेल.